कीस

हिउमा बेटाभोवतीचा समुद्र गोठला
की माझी नोकरी सुरू होते.
पहाटे सहाला गिरमिट खांद्यावर टाकायचं,
बर्फाला भोक पाडायचं, पट्टी सोडायची,
आकडा वहीत.
चोवीस सेंटिमीटर. सव्वीस. चोवीस.
बावीसच्या खाली गेलं तर फाटक बंद,
वर असेल तर गाड्या समुद्रावरून पलीकडे.
इथे मला कधी प्रश्न पडत नाही
की बर्फाला त्यातून काय सुचवायचं होतं.

घरी आल्यावर मात्र.

काल दुकानात हेल्वेला म्हणालो, "थकलेली दिसतेस."
ती म्हणाली, "हो का."
बस्स. सुटे पैसे दिले, पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.
आता रात्रीचे दोन वाजलेत
आणि मी त्या 'हो का'वर उभा,
गिरमिट फिरवतोय.
जोर 'हो'वर होता की 'का'वर?
थकलेली म्हणजे म्हातारी, असं तर नाही ना ऐकलं तिनं?
नाणी हातात नाही दिली, फळीवर ठेवली.
(एरवी कुठे ठेवते? आठवत नाही.
आठवायला हवं होतं.)
उद्या माफी मागावी,
तर तिला वाटणार, मागण्यासारखं काही होतं.
न मागावी, तर
पायाशी पांढरा कीस साठत जातो,
घोट्यापर्यंत, पोटऱ्यांपर्यंत,
आणि पट्टी सोडावी तर तळ लागत नाही.

आई सांगायची सगळ्यांना,
आमचा ताव्हेत फार विचार करतो.
कौतुकानं सांगायची.
बहुधा कौतुकानं.

एंडेल माझ्याआधी तीस हिवाळे हेच काम करायचा.
पहिल्याच आठवड्यात तो मागे येऊन उभा राहिला होता.
"किती झाली भोकं?"
"अकरा."
"आकडा बदलला?"
"नाही."
"मग तू आता बर्फ मोजत नाहीयेस. फोडतोयस."
त्याला कॉफी हवी होती, तत्त्वज्ञान वगैरे नव्हतं त्यात.
मी त्या वाक्यावर तीन दिवस घालवले.

आज पहाटे, अडीच की पावणेतीन,
असाच खणता खणता एक भलतीच गोष्ट हाती आली:
हेल्वेची आई पलीकडे आहे, हाप्सालूच्या इस्पितळात.
गेल्या आठवड्यात हेल्वेनं दोनदा विचारलं,
रस्ता कधी उघडणार?
आणि मी समजलो, मला दिरंगाईचा टोमणा मारतेय.
म्हणजे ती थकलेली होती.
दिसत नव्हती. होती.
इतक्या रात्री तिच्या एका शब्दाचा कीस पाडला मी,
आणि तिचा विचार एकदाही केला नाही.

सकाळी तीन भोकं. सव्वीस, पंचवीस, सव्वीस.
चौथ्यासाठी हात गेला. जाणारच.
गिरमिट गाडीत टाकलं, फाटक उघडलं,
दुकानात जाऊन म्हणालो,
"रस्ता सुरू झालाय. तपासायला पलीकडे जातोय. आईला काही द्यायचंय?"
तिनं माझ्याकडे बघितलं. बराच वेळ,
म्हणजे माझ्या हिशेबानं बराच.
मग आतून लोकरीचे मोजे आणले, एक बरणी आणली,
म्हणाली, "झाकण घट्ट नाहीये, सांभाळून."

(झाकण घट्ट नाहीये. सांभाळून.
यात फक्त झाकणच आहे ना?)

फाटकाजवळ पाटी आहे:
पट्टा काढून बसा. वाटेत थांबू नका.
पंचवीस ते चाळीसमधला वेग नको,
गाडीखाली लाट उठते, तिनं बर्फ तडकतो.
दर हिवाळ्यात ती पाटी मीच रंगवतो.

बरणी मांड्यांत धरली. वीसवर निघालो.
मध्यावर खाली काहीतरी लांबलचक कण्हलं,
बेटापासून पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत.
ऐकलं.
पाय ब्रेकवर गेलाच होता.